मामा बोलतात, फोन लिहितो

कोल्हापूर ते चाकण. दहा टायरचा ट्रक, सोळा टन लोखंड, डिसेंबरची थंड रात्र आणि डॅशबोर्डवर अडकवलेला एक मोबाइल. हायवेवरची हिशेबाची वही कुठे गेली ते बघायला केलेला हा प्रवास...

खरं सांगा, शेवटचं पेन कधी उचललं होतंत? बँकेतल्या सहीसाठी? सोसायटीच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये? बाकी सगळं आपण बोटांनी करतो, आणि बोटांचाही कंटाळा आला की तोंडानं. हिंजवडीच्या सिग्नलला शेजारच्या कारमध्ये जरा डोकावून बघा. काचा बंद, गाडीत एकटाच माणूस आणि हातवारे करत बोलतोय. पूर्वी अशा माणसाची काळजी वाटली असती. आता कळतं, की साहेब मेल डिक्टेट करतायत.

गूगलच्या व्हॉइस टायपिंगला मराठी यायला लागलं ते ऑगस्ट २०१७ मध्ये. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज त्याच्याही आधी, २०१३ मध्ये आले होते. आपण या दोन्हींचं काय केलं? किराण्याची यादी केली, बर्थडेच्या शुभेच्छा दिल्या, आणि बॉसबद्दलचं गॉसिप लिहायला जड जातं म्हणून बोलून पाठवलं. पण दोन्ही हात कामात, डोळे रस्त्यावर आणि डोक्यात सतत हिशेब चालू, असा एक माणूस होता. त्याला या सोयीची आपल्यापेक्षा जास्त गरज होती. तो आपल्याला ओव्हरटेक करताना दिसतो आणि आपण त्याला शिव्या देऊन पुढे जातो.

माझा एक कॉलेजमित्र कोल्हापुरात ट्रान्सपोर्टचं छोटंसं ऑफिस चालवतो. 'आमच्याकडं एक ड्रायव्हर आहेत,' तो फोनवर म्हणाला, 'सगळी ट्रिप बोलून ठेवतात. सेक्रेटरी शेजारी बसवल्यासारखी.' बस्स, मी शुक्रवारची सुट्टी टाकली. २०२४ च्या डिसेंबरात, वीकेण्डला लोक महाबळेश्वरची बुकिंग करत होते आणि मी ट्रकच्या केबिनमधून चाकणला निघालो होतो.

शिरोली, रात्रीचे साडेआठ

कोल्हापूर म्हटलं की आपल्याला चप्पल आठवते, रस्सा आठवतो. शिरोली एमआयडीसीत उभं राहिलात तर नाकाला आधी जळक्या वाळूचा वास लागतो. इथे फाउण्ड्र्या आहेत, एकामागोमाग एक. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतायचं आणि त्यातून इंजिनाचे, पंपाचे, ब्रेकचे भाग काढायचे, हा या शहराचा कित्येक दशकांचा धंदा आहे. तुम्ही ज्या कारमध्ये बसून मेल डिक्टेट करता तिच्यातलं एखादं कास्टिंग इथून निघालेलं असू शकतं.

गाडी भरून तयार होती. ताडपत्री ओढलेली, रस्से आवळलेले. मामांचं वय बावन्न. अंगात फुल स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि स्टिअरिंगवर तीस वर्षं. नाव छापायचं नाही अशी त्यांची अट, त्यामुळे इथेही ते मामाच. मला त्यांनी पहिल्या मिनिटापासून 'पावणं' करून टाकलं.

केबिनमध्ये क्लीनरच्या सीटवर मी. समोर ज्योतिबाचा फोटो, त्याच्या शेजारी होल्डरमध्ये मोबाइल, आणि फोटोच्या मागे खोचलेली एक लांबट लाल वही. वही हातात घेऊन उघडली. डिझेल, टोल, पंक्चर, चहा, हमाली, सगळं तीन वेगवेगळ्या अक्षरांत. शेवटची नोंद २०१९ मधली.

'ती तीन अक्षरं तीन किन्नरांची हायत,' मामा म्हणाले. किन्नर म्हणजे क्लीनर, गाडीवरच्या भाषेत. 'लिवायचं काम त्याचं. आता भाड्यात किन्नर परवडत न्हाई. त्याचा पगार देऊ का डिझेल घालू?'

मग त्यांनी होल्डरमधल्या फोनवर एक बोट टेकवलं आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागले. 'आठ बावन्न. शिरोली. गाडी भरली आहे. वजन सोळा टन दोनशे किलो. काटा पावती घेतली आहे. डिझेल ऐंशी लिटर. खर्ची पाच हजार.'

क्लिक. गिअर. निघालो.

'आहे' फोनसाठी, 'हाय' माझ्यासाठी

तुमच्या लक्षात आलं का? माझ्याशी बोलताना मामा 'हाय' म्हणतात, 'न्हाई' म्हणतात. फोनशी बोलताना 'आहे' आणि 'नाही'. शब्द सुटे, उच्चार स्वच्छ, आकाशवाणीच्या बातम्या सांगितल्यासारखे. विचारलं तर हसले. 'त्याला आपलं बोलणं समजत न्हाई. "हाय" म्हटलं की त्याला वाटतं आमी नमस्कार घालतोय.'

किणीच्या टोलपर्यंत मी त्यांच्या जुन्या नोट्स वाचत बसलो. धमाल आहे राव! तासवड्याचा टोलनाका 'तास वडे' झालेला. आणेवाडी 'आणि वाडी'. 'वाराई', म्हणजे माल उतरवायची हमाली, 'वारा आई' अशी आलेली. 'पावणेदोन' हा प्रकार तर फोनला झेपतच नाही, म्हणून मामांनी आता पावणे, सव्वा, साडे हे सगळं सोडून दिलंय. एक पंचेचाळीस म्हणायचं. रेल्वेच्या अनाउन्समेण्टसारखं.

यामागचा फंडा सोपा आहे. फोन आपलं बोलणं माणसासारखं ऐकत नाही, तो अंदाज बांधतो. हा आवाज, याच्या आधी हा शब्द, मग पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता जास्त? रोजच्या वापरातले शब्द त्यामुळे पटापट उमटतात. तासवडे हे त्याच्या हिशेबात दुर्मीळ, 'तास' आणि 'वडे' हे दोन्ही ओळखीचे. त्यात भर इंजिनच्या घरघरीची आणि मागून हॉर्न देणाऱ्या व्होल्वोची. शिवाय बोलता बोलता थांबलात की माइक बंद. घाटात गिअर बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तो समजतो की साहेबांचं झालं. म्हणून मामा अख्खी नोंद एका दमात संपवतात.

मग नुसता व्हॉइस मेसेज का नाही? तोही करतात. स्वतःच्याच नंबरवर, स्वतःलाच. नियम ठरलेला आहे: टाइप झालेलं ऑफिसला, आवाज आपल्याला. ऑफिसातला हिशेबनीस चाळीस व्हॉइस मेसेज ऐकत बसणार नाही, त्याला वाचायला काहीतरी पाहिजे. (आपण तरी काय करतो? कुणाचा दोन मिनिटांचा मेसेज आला की 'नंतर ऐकू' म्हणतो आणि तो नंतर कधी येत नाही.) आणि वाचलेल्यात 'वारा आई' निघाली तर खरं काय बोललो होतो, ते आवाजात सापडतं.

मला त्यात गंमत वाटली आणि थोडं वाईटही. कोल्हापूरची मराठी ही काही दुर्मीळ, संपत चाललेली बोली नाही. ठणठणीत आवाजात लाखो लोक ती बोलतात. पण बावन्नाव्या वर्षी एक माणूस खिशातल्या यंत्रासाठी आपली जीभ बदलून घेतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. ऑफिसात पहिल्या दिवशी आपणही हेच केलं होतं म्हणा.

थांबे गेले, वही गेली

वही का सुटली, हा प्रश्न मी पेठ नाक्याच्या आसपास पुन्हा काढला. मला वाटत होतं उत्तर टेक्नॉलॉजी असणार. स्मार्टफोन आला, वही गेली, खेळ खल्लास. मामांचं उत्तर वेगळं होतं.

'गाडी थांबायची तवा लिवायचो,' ते म्हणाले. 'आता थांबतीच कुठं?'

विचार करून बघा. या रस्त्याचा नंबर २०१० मध्ये बदलला, एनएच ४ चा एनएच ४८ झाला. ड्रायव्हर लोक अजून 'एनएच फोर'च म्हणतात. याच रस्त्यावर पुण्यात शिरताना जकात नाका लागायचा. रांगेत तास-दोन तास जायचे. कागद दाखवा, माल दाखवा, चहापाणी दाखवा. पुण्याची जकात १ एप्रिल २०१३ ला गेली. मुंबईची राहिली होती, ती १ जुलै २०१७ ला जीएसटी आला त्या दिवशी संपली. २०१८ मध्ये ई-वे बिल आलं आणि कागदांची भानगड बरीचशी फोनवर गेली. मग टोल. सुट्टे पैसे, पावती, 'पुढं घे' असा सगळा कार्यक्रम. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, आणि तोही थांबा गेला. आता दांडा वर होतो, गाडी सरपटत निघून जाते, पैसे मालकाच्या खात्यातून कटतात.

प्रत्येक थांब्यावर दोन-चार मिनिटं मिळायची. किन्नर वही काढायचा, मामा सांगायचे, तो लिहायचा. नाक्यावर खर्च व्हायचा आणि नाक्यावरच लिहिला जायचा. हिशेब आणि थांबा हे दोघं जोडीनं होते.

याचा अर्थ जकात नाका बरा होता असा कृपया घेऊ नका. त्याच्या आठवणीनं गहिवरणारा ड्रायव्हर या रस्त्यावर शोधून सापडायचा नाही. गाडी लवकर पोचते ते चांगलंच आहे. पण थांबे गेले म्हणजे नोंदी संपल्या असं झालं नाही. डिझेल भरावंच लागतं, टायर फुटतातच, हवा, ग्रीस, डायव्हर्जनमध्ये वाढलेले किलोमीटर, सगळं कुणीतरी लिहायचं असतंच. ते काम उभ्या गाडीतून उठलं आणि चालत्या गाडीत येऊन बसलं. आणि किन्नर गेलेला असल्यामुळे ते थेट ड्रायव्हरच्याच तोंडात आलं.

'टाय...'

कासेगाव मागे पडलं. रस्ता सहा पदरी करायचं काम चालू होतं, त्यामुळे मध्येच सर्व्हिस रोड, मध्येच बॅरिकेड, मध्येच अंधार. हा सगळा ऊसपट्टा. डिसेंबर म्हणजे कारखान्यांचा सीझन फुल स्विंगमध्ये. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढा ऊस, आणि मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर.

पावणेअकराला मामांनी बोट टेकवलं. मागच्या थांब्याला टायरमध्ये हवा मारली होती, त्याचे पैसे सांगायचे राहिले होते. 'खर्ची पाच हजार. त्यातून टाय...'

पुढचं मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. आधी मला ऊस दिसला. रस्ता दिसायच्या ऐवजी ऊस. मग मामांचा पाय, एअर ब्रेकचा फुसकारा, मागे सोळा टनांनी एकदा दिलेला धक्का आणि माझं कपाळ काचेच्या जवळ. ट्रॉली आमच्यापुढे आठ-दहा फुटांवर आरामात चालली होती. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंही नाही. त्याच्या टेपवर गाणं लागलेलं होतं.

मामा काही बोलले नाहीत. कराड ओलांडल्यावर एका धाब्याला गाडी घातली, हॅण्डब्रेक ओढला, उतरले, चाकांभोवती एक चक्कर मारली, आणि दोन चहा सांगितले. मग तो व्हॉइस मेसेज त्यांनी स्वतःच लावला. एकोणीस सेकंदांचा आहे. चार सेकंद हिशेब, मग फुसकारा, मग माझ्या तोंडातून आलेला एक शब्द, जो या मासिकात छापता येणार नाही, आणि मग नुसतं इंजिन.

'मी बगतच हुतो रस्त्याकडं,' ते म्हणाले. 'डोळं तिथंच हुतं.'

डोळे तिथेच होते, हे खरं आहे. मी शेजारी बसून पाहिलंय. हात स्टिअरिंगवर होते, फोन होल्डरमध्ये होता. कायद्यात तर बहुतेक काहीच चुकलं नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, गाडी चालवताना मोबाइल हातात धरून वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. पण कायदा हात बघतो. हात मोकळे असले की त्याचं समाधान.

डोक्याचं काय? अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एएए फाउंडेशनसाठी नेमका हाच प्रश्न तपासला. २०१३ मध्ये त्यांनी गाडी चालवताना आपण रोज करतो ती कामं एका पट्टीवर मांडली: रेडिओ ऐकणं, शेजाऱ्याशी गप्पा, फोनवर बोलणं, आणि बोलून मेसेज लिहिणं. या यादीत डोक्यावर सर्वांत जास्त ताण कशाचा? बोलून मेसेज लिहिण्याचा. हातातल्या फोनवर बोलण्यापेक्षाही जास्त. २०१५ मधल्या पुढच्या अभ्यासात त्यांना दिसलं, की आवाजावर चालणारी सिस्टीम वापरून झाल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला, सर्वांत वाईट सिस्टीमच्या बाबतीत, २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. साठच्या स्पीडला २७ सेकंद म्हणजे साडेचारशे मीटर. बोलणं संपलेलं असतं, क्लिक झालेलं असतं, आणि त्यानंतरचे साडेचारशे मीटर आपण अर्धवट गाडीत असतो.

आणि हे स्वच्छ इंग्रजी बोलणाऱ्यांचं, कारमधलं. मामांच्या फोनला वर एका दमात बोललेलं पाहिजे, प्रमाण मराठीत पाहिजे, पावणे-सव्वा टाळून पाहिजे. शेजारी किन्नर असता तर काय झालं असतं? मामा त्याला म्हणाले असते, 'हवेचं साठ लिव रे,' आणि समोर ऊस दिसल्यावर तोच आधी ओरडला असता. शेजारचा माणूस रस्ता बघतो. फोन बघत नाही.

अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६६ मध्ये असाच देशभर फिरत होता. बॉब डिलननं दिलेल्या पैशांतून घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर तो चालत्या गाडीत कविता बोलून ठेवायचा. 'विचिटा व्होर्टेक्स सूत्र' ही त्याची गाजलेली कविता त्यातूनच आली. रोड-ट्रिपवाल्या लोकांना हा किस्सा फार आवडतो. पण स्टिअरिंगवर तो नव्हता. गाडी त्याचा जोडीदार पीटर ऑर्लोव्हस्की चालवत होता.

बोगदा येतोय, गप बसा

साताऱ्यानंतर थंडी काचेच्या फटीतून आत यायला लागली. एसी केबिन हा प्रकार मामांच्या गाडीत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना तो सक्तीचा झाला, ही गाडी त्याच्या बरीच आधीची. काच बंद केली तर ती धुरकटते, उघडी ठेवली तर कान जातात.

मी माझ्या फोनवर या लेखाच्या नोट्स बोलत होतो. मामांनी काही वेळ ऐकून घेतलं. सुरूर मागे पडल्यावर म्हणाले, 'पावणं, बोगदा येतोय. आता गप बसा.'

खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडलात की उतार, आणि उतारावर इंग्रजी एस आकाराचं वळण. या वळणानं किती माणसं घेतली, ते या रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. मामा खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला हळूहळू दाबत, इंजिनच्या आवाजाकडे कान लावून उतरत होते. त्या पाच मिनिटांत मला कळलं की केबिनमध्ये किती गोष्टी ऐकायच्या असतात. रस्सा सैल झाला तर तो वाजतो. लायनर तापला तर वास येतो. टायर बसत चालला की आवाज जड होतो. ट्रकवाल्याचे कान हे त्याचं वर्किंग इन्स्ट्रुमेण्ट आहे, आणि स्वतः बोलत असताना ते बंद असतं.

खेड शिवापूरच्या टोलला मध्यरात्र उलटून तीन वाजले होते. दांडा वर झाला. गाडी सरपटली. आणि मामांनी बोट टेकवलं. 'तीन चार. खेड शिवापूर. टोल पास.' पाच सेकंदांचं काम. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी रस्त्याकडे. कराडजवळचा तो ऊस दोघांनाही आठवत होता.

त्यांना उपदेश करणं सोपं होतं. चहाच्या टपरीवर गाडी घ्या, निवांत बोला, मग निघा. पण सोळा टन घेऊन दर नोंदीला गाडी बाजूला घ्यायची म्हणजे जागा शोधा, ब्रेक मारा, पुन्हा पहिल्या गिअरपासून उचला, डिझेल जाळा. आणि सकाळी गेटवर नंबर मागे गेला की दिवस गेला. आपल्याकडे मीटिंगला दहा मिनिटं उशीर झाला तर 'स्टक इन ट्रॅफिक' टाकतो आणि विषय संपतो.

नव्या कात्रज बोगद्यानंतर मात्र पुन्हा पूर्ण शांतता. इथून नवले पुलापर्यंत लांबलचक उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकनं सुमारे ४८ गाड्यांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची खोड काहींना असते. मामांनी ती केली नाही. 'वाचतंय किती? दोन लिटर,' ते पुलाच्या खाली आल्यावर म्हणाले. त्याआधी एक शब्द नाही.

गेट नंबर दोन

तळेगाव-चाकण रस्त्यावर पहाटेचा जॅम नेहमीप्रमाणे होताच. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही कंपनीच्या गेटवर पोचलो. अंधार, धुकं आणि ट्रकांची रांग. मामांनी इंजिन बंद केलं. रात्रभरात पहिल्यांदा त्यांनी फोन होल्डरमधून काढून हातात घेतला.

'पाच दहा. चाकण. गेट नंबर दोनला आलो आहे. माझ्यापुढे चौदा गाड्या आहेत.' मग रांगेचा एक फोटो. मग तीच नोंद पुन्हा, व्हॉइस मेसेजमध्ये, या वेळी कोल्हापुरीत.

ही एक नोंद बाकी सगळ्या नोंदींच्या बरोबरीची आहे. का, ते सांगतो. गेटवरचा माणूस कागद घेतो ते ऑफिस उघडल्यावर. त्या दिवशी मामांचे कागद नऊ वीसला आत गेले. रजिस्टरमध्ये गाडी आल्याची वेळ पडली: नऊ वीस. पहाटेचे चार तास दहा मिनिटं कुठेच नाहीत. आणि गाडी खाली व्हायला उशीर झाला तर त्याचे पैसे, ज्याला या धंद्यात हॉल्टिंग म्हणतात, ते रजिस्टरवरच्या वेळेपासून मोजतात. तेही मोजले तर.

दोन वर्षांपूर्वी मामा एका दुसऱ्याच कंपनीच्या दारात तीन दिवस उभे होते. स्टोअरवाले म्हणाले जागा नाही, क्वालिटीवाले म्हणाले तपासायचंय, मध्ये सुट्टी आली. तीन दिवस गाडीखाली स्टोव्ह पेटवून जेवण केलं. पोच, म्हणजे माल मिळाल्याचा शिक्का मारलेली बिल्टीची कॉपी, हातात पडली तेव्हा तिच्यावर फक्त शेवटच्या दिवसाची तारीख होती. हॉल्टिंग मागायला गेल्यावर त्यांना विचारलं गेलं, प्रूफ काय? 'मी म्हटलं, मी सांगतोय की. तर म्हणाले, तुमी सांगताय तेवढंच.'

ते वाक्य मामांच्या डोक्यात बसलं. त्याच आठवड्यात त्यांनी मुलाकडून फोनमधला माइक शिकून घेतला. डिझेल आणि टोलचं निमित्त आहे. खरी गरज गेटवरच्या वेळेची होती. आपण बोललो ते कुठेतरी वेळेसकट पडून राहिलं पाहिजे, म्हणजे 'तुमी सांगताय तेवढंच' असं पुन्हा कुणी म्हणणार नाही.

आता हॉल्टिंग मिळतं का? कधी मिळतं, कधी नाही. काही ठिकाणी ऑडिओ म्हटलं की हसतात. पण माझा मित्र टाइप केलेल्या नोंदी, फोटो आणि गाडीच्या जीपीएसचा रिपोर्ट एकत्र मेल करतो, तेव्हा समोरच्याला निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

रांगेत बसून मामा ज्या गोष्टी बोलले त्यांचा हिशेबाशी काही संबंध नव्हता. उभ्या गाडीत, दोन्ही हात मोकळे. बायकोला सांगितलं की पोचलो, पावणं ठणठणीत आहेत, घाबरलेत थोडं. मुलाला सांगितलं की मोटरचं बटण बघ. एका दोस्त ड्रायव्हरला विचारलं की बेळगावकडचा माल आहे का. या मेसेजमध्ये एकदाही 'आहे' आलं नाही, सगळीकडे 'हाय'. माणसांशी बोलायला यंत्राची मराठी लागत नाही.

अकरा वाजता मी उतरलो. आमच्यापुढे अजून सहा गाड्या होत्या. मामांनी वहीच्या मागच्या पानाचा तुकडा फाडून त्यावर माझा नंबर लिहून घेतला, पेननं. 'फोनमदी पावणं लई हायत,' म्हणाले.

पुढचं मला मित्रानं कळवलं. गाडी खाली झाली शनिवारी दुपारी तीन चाळीसला. गेटवर पोचल्यापासून साडेचौतीस तास. ऑफिसनं दोन दिवसांचं हॉल्टिंग मागितलं, नोंदी आणि फोटो जोडून. कंपनीनं एका दिवसाचं मान्य केलं, आणि ते रजिस्टरच्या वेळेप्रमाणे, म्हणजे पहाटेचे चार तास दहा मिनिटं सोडून. मामांच्या मते हे वाईट नाही. गेल्या वेळी शून्य होतं.

त्या ट्रिपची शेवटची टाइप केलेली नोंद त्यानं मला फॉरवर्ड केली. शनिवार, सहा पाच. 'भोसरी. परतीचं भाडं मिळालं. माल उद्या भरणार आहे. वारा आई चारशे. गाडी उभी आहे. जेवण बाकी आहे.'